हात लावून बघणारे मामा

नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत जो माणूस आपल्या हनुवटीखाली दोन बोटं घालतो, त्याच्याशी ओळख वाढवावी की जिना उतरून सरळ पळून जावं, हा प्रश्न मला मंगळवार पेठेतल्या या इमारतीत राहायला आल्याच्या पहिल्याच सकाळी पडला. मी हेल्मेट घालून खाली निघालो होतो. समोरून दुधाची पिशवी घेतलेले एक उंच, वाळके गृहस्थ वर येत होते. ते थांबले, म्हणून मीही थांबलो. मला वाटलं, नाव विचारतील. त्यांनी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताची दोन बोटं माझ्या हेल्मेटच्या पट्ट्यात सारली.

"ढिला हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी तो पट्टा असा आवळला, की माझा आवाज बारीक झाला. "हां, आता बोला. नवीन आलासा न्हवं? नाव काय?"

मी बारीक आवाजात प्रकाश म्हणून सांगितलं. शाहूपुरीत लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे, घाईत आहे, हेही सांगितलं. ते दूध घेऊन तसेच माझ्याबरोबर पुन्हा खाली आले, आणि तळमजल्यापर्यंत माझा 'परकास' झाला होता आणि 'आलासा'चं 'आलास' झालं होतं.

यांचं नाव श्रीपतराव, पण पेठेत या नावानं त्यांना कोणी ओळखत नाही. ते बक्कलमामा. मामा म्हणायला त्यांना सख्खी, चुलत अशी एकही बहीण नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. आई होती तोवर आई होती. तरी पोरासोरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्या पेठेचे ते मामा, आणि त्यांचा एकच सवाल सगळ्यांना ठरलेला: "हात लावून बघिटलंस काय?"

गॅस बंद केलाय म्हणालात, तर हात लावून बघितलं काय? दार लावलंय म्हणालात, तर हात लावून बघितलं काय? आमच्या हिनं एकदा कुकरची शिट्टी नीट आहे असं म्हटलं, तर मामा चुलीपाशी येऊन उभे राहिले. "डोळ्याला समदं चांगलंच दिसतंय, सुरेखा. डोळा लबाड हाय. हात खोटं बोलत न्हाय." सुरेखानं निमूटपणे शिट्टी हलवून दाखवली. माझं एवढं ती कधी ऐकत नाही.

एका लग्नात तर त्यांनी कहर केला. शेजारच्या आळीतला नवरदेव बोहल्यावर उभा, डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या, अक्षता वाटून झालेल्या. मामा आहेर देण्यासाठी वर गेले, पाकीट दिलं, आणि जाता जाता नवरदेवाच्या फेट्यात दोन बोटं सारली. भटजींचे मंत्र अडले. मामा खाली येऊन माझ्याशेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "फेटा बसलाय. पर पोरगं थरथरालंय." मंडपात शे-दीडशे माणसं जेवायची वाट बघत होती. नवरदेव थरथरतोय हे त्यातल्या एकालाही दिसलं नव्हतं.

ही सवय त्यांना नोकरीनं लावली. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी सगळा जन्म तपासणी खात्यात काढला. ओतून, गार होऊन आलेला लोखंडी भाग दोरीला टांगायचा आणि छोट्या हातोडीनं वाजवायचा. भाग चांगला असेल तर टण्ण वाजतो आणि आवाज लांबतो. आत कुठं केसाएवढी चीर असेल तर आवाज जागच्या जागी मरतो. मग मामा त्याच्यावर लाल फुली मारायचे. त्यांच्या फुलीवर अपील नव्हतं. असला माणूस कारखान्याला हवा असतो, पण कारखान्यातल्या कोणाला तो हवा असतो असं मला वाटत नाही.

निवृत्त झाल्यावर वाजवायला लोखंड उरलं नाही. मामा सायकल काढून गावभर हिंडू लागले. असंच एका रविवारी ते शिरोलीच्या पलीकडच्या माळावर गेले. तिथं कारखान्यांतली जळकी वाळू वर्षानुवर्षं टाकली जाते. काळ्या वाळूच्या टेकड्याच झाल्या आहेत. त्या टेकड्यांवरून सहा-सात तरुण पोरं मोटरसायकली उडवत होती. याला मोटोक्रॉस म्हणतात, हे आम्हा दोघांनाही नंतर कळलं. त्या गाड्यांना दिवा नाही, आरसा नाही, हॉर्न नाही. नुसतं इंजिन, उंच सांगाडा आणि खडबडीत टायर. पोरगं गाडीसकट टेकडीवरून हवेत जातं आणि पलीकडे उतरतं. कधी गाडी अगोदर, कधी पोरगं.

मामा सायकल टेकवून बघत होते. एक पोरगं गाडीला किक मारून निघालं आणि त्याच्या हेल्मेटचा पट्टा वाऱ्यावर लोंबत होता. मामा धावत जाऊन गाडीच्या आडवे उभे राहिले. पट्टा लावला, दोन बोटं घालून बघितली आणि बाजूला झाले. "जा आता."

त्या पोराचं नाव धैर्यशील. वडिलांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, गळ्यात साखळी, तोंडात सदा 'नाद खुळा'. हा म्हातारा वेडा आहे असं त्याला वाटलं. पण त्याच फेरीत तो आपटला, हेल्मेट डोक्यावर राहिलं आणि डोकं जागेवर राहिलं. पुढच्या रविवारी मामा पुन्हा गेले, तेव्हा पोरं आपणहून त्यांच्यासमोर रांगेत उभी राहिली.

मी एकदा ती तपासणी बघायला मुद्दाम गेलो होतो. हसून हसून माझं पोट दुखलं. सगळ्यात आधी हेल्मेटवर टिचकी, आवाज ऐकायला. मग गॉगलची कड गालाला चिकटते का बघायचं. मग छातीवरच्या कवचावर मूठ हाणायची. पोरगं हललं तर पट्टे ढिले. मग गुडघ्याचे गार्ड.

"उठाबशा काढ."

"मामा, सगळ्यांसमोर?"

"गार्ड खाली घसरला तर सगळ्यांसमोरच गुडगा फुटतोय की. काढ."

सहा फुटी, दाढीवाली, हातावर गोंदवलेली पोरं काळ्या वाळूत उठाबशा काढायची. मग हातमोजे. मामांच्या खिशात त्यासाठी भाजके शेंगदाणे असत. मोजा घातलेल्या हातानं वाळूतून शेंगदाणा उचलता आला तर मोजा मापाचा. नाही आला तर बोट जाडं, ब्रेक वेळेवर लागायचा नाही. उचललेला शेंगदाणा ते पुसून स्वतःच खायचे.

माणूस झाला की गाडी. चेन बोटानं वर उचलून किती ढिली आहे ते बघायचं. चाकाच्या तारा पान्यानं एकेक वाजवत जायचं, फौंड्रीतल्यासारखं. मूठ पिरगाळून सोडायची. "सोडली की मूठ आपली आपण माघारी याय पायजे. आडकली तर गाडी तुला घिऊन गडहिंग्लजला जाईल." एवढं झालं की पाठीवर थाप, आणि जा.

आणि गाड्या सुटल्या, की मामा मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे.

मला ते विचित्र वाटलं. एवढा जीव टाकून तयार केलेली पोरं उडताना या माणसानं एकदाही बघितली नव्हती. कोण पहिला आला, कोण किती उंच गेला, काही पत्ता नसायचा. हायवेकडे तोंड करून, मान खाली घालून ते नुसतं ऐकत राहायचे. मी म्हटलं, "मामा, एकदा बघा तरी. भारी उडतायत."

"नगं. माझं काम उडायच्या आधीचं."

"भ्या वाटतंय व्हय?"

"व्हय," ते सरळ म्हणाले. मी गंमत करायला विचारलं होतं.

फेरी संपली की पुन्हा तपासणी. पोरं हेल्मेट काढून, घामाघूम होऊन यायची, आणि मामा एकेकाचे खांदे, दंड, मनगटं चाचपायचे. "लागलं काय?" "न्हाय मामा." "हात लावून बघू दे." पोरं वैतागल्यासारखं करायची, पण जागेवर उभी राहायची. कोणी लवकर निसटलं नाही, हे मी बघितलंय.

धैर्यशीलनं एकदा आग्रह करून मामांना गाडीवर बसवलं होतं, इंजिन बंद ठेवून. मामा दोन्ही हातांनी हँडल धरून बसले, खाली उतरले, म्हणाले, "सीट कडक हाय." सायकल सोडून दुसऱ्या दुचाकीवर ते आपण होऊन कधी बसले नाहीत.

मैदानावर एवढ्यावर भागलं असतं, पण मामांनी धुणंही अंगावर घेतलं. पोरं घामेजलेले गार्ड डिकीत कोंबतात, ओल्या मोज्यांना बुरशी येते, हेल्मेटच्या आतलं अस्तर कुजतं, हे त्यांना सहन होईना. रविवारी दुपारी सायकलला दोन पोती लटकवून ते सगळ्यांचं सामान घरी आणायचे आणि आठवडाभर धूत बसायचे. त्यांची दोन खोल्यांची जागा आमच्या डोक्यावर. त्यामुळे वरून पडणारं पाणी आणि साबणाचा वास दोन्ही आमच्या वाट्याला यायचं.

साबण लहान बाळाचा. दुसऱ्या साबणानं अस्तर ताठरतं आणि पोरांच्या कपाळाला पुरळ येतं, असं त्यांचं संशोधन. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं एकदा विचारलं, "मामा, इतका बाळाचा साबण नेताय, घरात बाळ आलंय व्हय?"

"सहा हायत," मामा म्हणाले आणि सुटे पैसे घेऊन निघाले.

गाड्यांची हवेची गाळणीही पोत्यातून यायची. वाळूत चालणाऱ्या गाडीला स्पंजाची गाळणी असते. ती दर खेपेला रॉकेलमध्ये धुवायची, मग साबणात, सावलीत वाळवायची आणि पुन्हा तेल लावायची, म्हणजे धूळ तेलाला चिकटते आणि इंजिनात जात नाही. मला हे सगळं पाठ झालं, कारण मामांनी माझ्या स्कूटरलाही सोडलं नाही. "पिळायचं न्हाय. पिळलं की फाटतंय. दाबायचं, हळू, लेकराचं डोकं पुसताना दाबतोय तसं." हे सांगताना त्यांचे हात पाण्यात स्पंज दाबत असायचे. मी दारात, पायात चपला घालून, दुकानाला उशीर होतोय असं म्हणत उभा. त्यांच्या घरात मी कधी बसलो नाही. वेळच नसायचा. 'बस की' असं ते दर वेळी म्हणायचे आणि 'येतो पुन्हा' असं मी दर वेळी म्हणायचो.

आणि त्यांच्या गॅलरीतली दोरी! खालून बघितलं तर घरात दहा-बारा माणसं राहतात असं वाटावं. मोज्यांच्या जोड्या, कोपराचे गार्ड, रंगीत जर्सी, आकाशाकडे चोच करून ठेवलेली हेल्मेटं. पेठेत नवीन आलेला माणूस विचारायचा, वर कोणाचं एवढं मोठं कुटुंब राहतं? आम्ही हसून सांगायचो, एकटे मामा.

उन्हाळ्यात घोटाळा झाला. आमच्याकडे चटणीचे दिवस म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. वर्षाची कांदालसूण चटणी एकदम करायची, म्हणून प्रत्येक गच्चीवर मिरच्या वाळत पडतात. सगळी पेठ शिंकत असते. आमच्याही मिरच्या गच्चीवर होत्या. कावळ्यांपासून राखण कोण करणार, हा प्रश्न होता. मामा म्हणाले, "मी वर बसणारच हाय. पोरांचं सामान वाळाय घाटलंय. मिरच्या बघतो की."

सुरेखाला आनंद झाला. मामा नुसतं बसणारे नव्हेतच. त्यांनी मिरच्या हातानं खालवर केल्या, वाळल्या का म्हणून मोडून बघितल्या, रिकामा वेळ म्हणून देठही काढून टाकले. मधूनमधून उठून पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलेले गॉगल आणि हेल्मेटांची अस्तरं वाळली का, तेही बघत होते. कसं बघत होते, हे सांगायला नको. हात लावून.

रविवारी सकाळी त्यांची सायकल पंक्चर निघाली. मी दोन्ही पोती स्कूटरवर पायाशी ठेवली आणि मामांना मागं बसवून माळावर नेलं. दुचाकीवर न बसायचा त्यांचा नेम त्या दिवशी मोडला. रस्ताभर त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. पोरांनी सामान चढवलं, उठाबशा झाल्या, शेंगदाणे झाले, थापा झाल्या. गाड्या सुटल्या. मामांनी पाठ केली.

पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसरीत घाम सुटला, आणि अस्तरातलं तिखट घामाबरोबर खाली उतरलं. एका पोरानं गाडी थांबवून हेल्मेट काढलं आणि लांब भिरकावलं. पाठोपाठ दुसऱ्यानं. कोणी पाण्याच्या बाटल्या शोधतंय, कोणी जर्सीनं डोळे चोळतंय, आणि जर्सीही मामांनीच घडी घातलेली. घरात कोणी गेल्यासारखी ती आडदांड पोरं माळावर रडत होती. मला आधी काही समजेना, मग समजलं आणि मी चक्क हसायला लागलो.

धैर्यशील त्या वेळी सगळ्यात मोठ्या टेकडीवर होता. गाडी हवेत गेली आणि त्याचे डोळे मिटले. तो वेडावाकडा उतरला, अंगाखाली हात दुमडला आणि गाडी घसरत पुढं गेली. इंजिनाचा आवाज जागच्या जागी मेला.

मामा वळले. पहिल्यांदाच. त्या वयाचा माणूस वाळूत एवढ्या वेगानं पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. धैर्यशील मनगट धरून बसला होता, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मामा गुडघ्यावर बसले आणि सवयीनं त्यांचे दोन्ही हात त्याच्या खांद्यांकडे गेले.

"मामा, हात नगा लावू!" तो ओरडला. "आईशप्पत, हात नगा लावू!"

पोरगं कळवळून बोललं. दोष द्यायचा म्हणून नव्हे, हाताला तिखट होतं म्हणून. पण मामांचे हात तसेच हवेत राहिले. खाली ठेवावेत की मागं घ्यावेत, हे त्यांना कळेना. माझं हसू तिथंच थांबलं. गाडी काढून मी धैर्यशीलला दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं. मामा माळावरच राहिले. पोती घेऊन ते चालत घरी आले असं नंतर कळलं.

चार-सहा दिवसांनी धैर्यशील स्वतः आला. गळ्यात झोळी, हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात सफरचंदांची पिशवी. मी जिन्यात भेटलो म्हणून मलाही वर घेऊन गेला. एकट्यानं जायचा धीर होत नसावा. पोरगं वाईट नव्हतं. मामांच्या पाया पडलं. इकडचं तिकडचं बोललं. मग खाली बघत म्हणालं, "मामा, पोरांचं ठरलंय. आता आमचं आमचं आम्ही धुतो. तपासायचंपण एकमेकांचं बघू. तुमी या वयात कशाला तरास घेता? घरात आई लई बोलायली."

"बरोबर हाय तिचं," मामा म्हणाले. "चूक माझी हाय."

"तसं न्हाय मामा—"

"चूक माझीच हाय." मग त्याच्या गळ्यातल्या झोळीकडे बघून म्हणाले, "हात जरा वर पायजे. खाली राहिला तर सूज उतरायची न्हाय."

त्यांचा हात झोळीची गाठ सारखी करायला पुढं आला. अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी तो लेंग्याच्या खिशात घातला. धैर्यशील स्वतःच गाठ ओढत बसला.

त्या दिवसापासून मामांचे हात खिशातच राहिले. मी एकदा मुद्दाम पट्टा सैल ठेवून जिना उतरलो. ते समोरून आले, थांबले, माझ्या हनुवटीकडे बघितलं आणि म्हणाले, "ढिला वाटतोय."

वाटतोय! या माणसाच्या तोंडी हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "बघा की हात लावून." ते म्हणाले, "तूच बघ, परकास," आणि भिंतीला खेटून वर निघून गेले. मला राग आला. कोणाचा आला, हे नक्की सांगता येणार नाही. पोरांचा, मिरच्यांचा, थोडा मामांचाही. एवढ्याशा चुकीला माणूस एवढा मोडतो काय?

वरून पाणी पडायचं बंद झालं. साबणाचा वास बंद झाला. आमच्या हिनं जेवायला बोलावलं तर यायचे, खाली मान घालून जेवायचे, चटणी ताटात घ्यायचे नाहीत. रविवारी सकाळी त्यांचं दार उघडायचं, सायकल जिन्यापर्यंत यायची आणि पुन्हा आत जायची. सुरेखा म्हणायची, "त्यांना रविवार सोसत नाही हो." बोलून तर दोघंही दाखवायचो, करत काहीच नव्हतो. पेठेची हीच रीत आहे. आम्ही सगळ्यांचे असतो आणि सगळे आपापल्या घाईत असतो.

पावसाळ्यात एका दुपारी मी दुकानातून जेवायला घरी आलो आणि वर बघितलं, तर दोरी भरलेली! मोजे, गार्ड, दोन हेल्मेटं, सगळं आपापल्या जागी. मला इतकं बरं वाटलं, की जेवण बाजूला ठेवून तसाच वर गेलो. "मामा, आली काय पोरं माघारी?"

मामा गॅलरीत चिमटे लावत होते. "न्हाय."

"मग हे कुणाचं?"

"कुणाचंच न्हाय."

मी जवळ जाऊन बघितलं. एका हेल्मेटला कपाळावर चीर, त्यावर लाल फुली. गुडघ्याचा गार्ड मधोमध तडकलेला, त्यावर फुली. मोज्याची दोन बोटं उडालेली. गेल्या काही वर्षांत त्यांनी पोरांना वापरू दिलं नाही ते सगळं सामान.

"हे तर तुम्ही रिजेक्ट केलंय, मामा."

"व्हय. म्हणूनच माझ्यापाशी राहिलंय." त्यांनी एक मोजा चिमट्याला लावला. "पेटीत पडून होतं. धुतलं. दोरी मोकळी बघवंना रं."

मग चिमटे लावता लावता, माझ्याकडे न बघता, ते बोलले. फौंड्रीत दुपारी सगळे घोळक्यानं डबा खायचे. यांचा डबा तपासणीच्या टेबलावर, एकट्याचा. "ज्याच्या मालावर सकाळी फुली मारलिया, त्यो दुपारला शेजारी कसा बसंल? कुणाचं चुकलं न्हाय. समदी नोकरी तशीच गेली. मग ही पोरं भेटली. ती आपली आपण समोर येऊन उभी राहायची. तपासा म्हणायची." ते थांबले. "आता हातच बाद झालं."

मी 'येतो पुन्हा' असं म्हणालो आणि खाली आलो. ताटावर बसलो आणि भात नुसता कालवत राहिलो. या माणसाच्या डोक्यावर छप्पर होतं, पेन्शन होती, अंगात ताकद होती. नव्हतं ते एवढंच, की कोणी आपली वस्तू विश्वासानं त्यांच्या हातात द्यावी. आणि ते द्यायला काही मोटोक्रॉसचीच पोरं लागतात असं थोडंच आहे?

मी उठलो. माझं स्कूटरचं हेल्मेट आणलं, आमच्या गॅलरीत गेलो, आणि त्याच्या आतल्या अस्तराला कुंडीतली दोन मुठी माती चोळली. वर तांब्याभर पाणी ओतलं. सुरेखा दारात येऊन बघत राहिली. "डोकं फिरलंय काय?" तिनं विचारलं. मग वर गॅलरीकडे बघितलं, आणि काही न बोलता आत जाऊन दुकानात फोन केला, की हे आज येणार नाहीत.

मी वर गेलो. मामा आत पाटावर बसले होते.

"मामा, जरा घोटाळा झालाय. हेल्मेट मळलं. गाडीवरनं घसरलो."

"कुठं?"

"हितंच. वळणावर."

त्यांनी हेल्मेट घेतलं. आतली माती बोटावर घेतली, चोळली, नाकाशी नेली. मातीत एक हिरवं पान होतं, ते त्यांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"परकास," ते म्हणाले, "वळणावर तुळस हाय व्हय?"

आता हेल्मेट परत देतील, कीव करतोस काय म्हणतील, असं मला वाटलं. मामांनी ते पान खिडकीत ठेवलं. मग उठले, बादलीत कोमट पाणी घेतलं, खिळ्यावरची साबणाची जाळी काढली. बाह्या वर केल्या. पाण्यात हात घालण्याआधी त्यांनी ते साबणानं एकदा धुतले, दुसऱ्यांदा धुतले, नखं घासली, आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले.

"बघ," ते म्हणाले. "तिखट हाय काय कुठं?"

मी त्यांचे हात हातात घेतले. गार होते, ओले होते, आणि जन्मभर लोखंड उचलून घट्टे पडलेले. मी बोटं चाचपली, तळवे चाचपले. "काय न्हाय, मामा. स्वच्छ हायत."

त्यांनी मान हलवली. अस्तर सोडवून पाण्यात घातलं आणि हळूहळू दाबायला लागले. गढूळ पाणी बादलीत पसरत होतं. बाहेर आभाळ भरून आलं होतं, ऊन दोन-तीन दिवसांत पडलं नव्हतं.

"असल्या हवंत लवकर वाळायचं न्हाय ह्ये," मामा पाण्याकडे बघत म्हणाले. "वाळंस्तवर बस की."

मी चपला काढल्या आणि बसलो.